बारा तासांची लढाई, दोनशे वर्षांची आठवण

तळेगाव ढमढेऱ्याच्या उंचवट्यावर उभे राहा आणि तारीख लावा १ जानेवारी १८१८. सकाळची वेळ. पलीकडे भीमेच्या बाजूला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची फौज पसरली आहे. किती? २० हजार घोडदळ, ८ हजार पायदळ. आणि उंचवट्यावरून ती पाहणारी ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी? अवघी ८३४ माणसं!

डोळ्यांसमोर येत नाही ना? मग एसटी बोलवू. एका गाडीत ४४ आसनं धरली, तर ८३४ माणसांना १९ गाड्या पुरतात. आता २८ हजारांना बसवा. ६३७ गाड्या लागतील! एकेक गाडी ११ मीटरची धरून एकीला एक चिकटवून लावली, तर रांग ७ किलोमीटरची. तळेगाव ढमढेऱ्यातून सुरू झालेली ही रांग शिक्रापूरचा चौक ओलांडून पुढे जाईल.

आणि घोडे? एक घोडा दिवसाला ३० लिटर पाणी पितो असं धरा. २० हजार घोड्यांना रोज ६ लाख लिटर! दहा हजार लिटरचे ६० टँकर, तेही फक्त एका दिवसाचे. २० फूट रुंदीची, ३० फूट पाणी असलेली विहीर घ्या. अशा दोन विहिरी ही फौज रोज तळाला नेईल आणि तिसरीत बादली सोडेल. छावणीला नदीचा काठ का लागतो, ते इथे कळतं.

आता त्या ८३४ जणांकडे वळा. कॅप्टन स्टाँटनची ही तुकडी आदल्या संध्याकाळी शिरूरहून निघाली होती. रातोरात सुमारे ४० किलोमीटर! त्यात पायदळ सुमारे पाचशे. पाचशे जणांचं ते चालणं एकापुढे एक जोडलं तर होतात २० हजार किलोमीटर. म्हणजे मुंबई-पुणे अंतर १३३ वेळा! म्हणजे पृथ्वीला अर्धा वळसा! तोही एका रात्रीत, आणि झोप न घेता पुढे लढाई.

उंचवट्यावरून ही तुकडी भीमेकाठच्या कोरेगाव या गावात शिरली आणि तिथल्या गल्ल्यांत ती लढाई सुमारे बारा तास चालली. अठ्ठावीस हजार काही एकदम गावात शिरले नाहीत. प्रत्यक्ष हल्ला करणारे दोनेक हजार होते. तरीही कंपनीच्या ८३४ पैकी २७५ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. दर तिघांतला एक! पेशव्यांच्या बाजूला मेलेले आणि जखमी मिळून पाचसहाशे. रात्री गोळीबार थांबला, पेशव्यांची फौज निघून गेली. त्याच वर्षी जूनमध्ये बाजीराव शरण आले आणि बिठूरला गेले. पेन्शन वर्षाला ८ लाख रुपये, म्हणजे रोजचे २,१९० रुपयांहून अधिक. १८५१ मध्ये ते वारले, तोवरची बेरीज अडीच कोटींच्या पार!

लढाईचा हिशेब इथे संपला. आठवणीचा इथून सुरू होतो आणि तो कितीतरी मोठा आहे. १ जानेवारी १८१८ ते १ जानेवारी २०१८ हे दिवस मोजा: ७३,०४९. लढाईची मिनिटं मोजा: ७२०. आता भागा. लढाईच्या एकेका मिनिटामागे आठवणीचे १०१ दिवस! मिनिटाला तीन महिन्यांहून जास्त!

१८२१ मध्ये कंपनीने कोरेगावजवळ स्तंभाचा पाया घातला. त्यावर मृतांची ४९ नावं आहेत; त्यांतली २२ नावं शेवटच्या ‘नाक’वरून महार सैनिकांची म्हणून ओळखली जातात. एका नावाला तीन सेकंद देऊन ती वाचा. अडीच मिनिटं लागतील. हेच माप घेऊन दिल्लीला चला. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर तेव्हा २५,९४२ नावं होती: साडेएकवीस तास! पहिल्या महायुद्धात भारताचे सुमारे ७४ हजार सैनिक गेले: साठ तासांच्या वर, अडीच दिवस, डोळ्याला डोळा न लावता! दोन्ही महायुद्धांतले राष्ट्रकुलाचे मृत सुमारे १७ लाख: ५९ दिवस! दिवाळीला वाचायला बसाल, तर संक्रांत जवळ आलेली असेल. आणि कोरेगावात पेशव्यांच्या बाजूने पडलेले? स्तंभावर त्यांच्यासाठी शून्य सेकंद. कोणाची नावं कोरायची, हे दगड उभा करणारा ठरवतो.

पण दगडाचा अर्थ तो कायमचा ठरवू शकत नाही. स्तंभ कंपनीने स्वतःच्या विजयासाठी बांधला. त्याच इंग्रजांनी पुढे महारांची सैन्यभरती बंद केली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि कंपनीचा विजयस्तंभ माणुसकीचा हक्क मागणाऱ्यांचा मानबिंदू झाला. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावरही स्वातंत्र्यापर्यंत हाच स्तंभ होता. ही आठवण निवांत नाही. दोनशेव्या वर्षी, २०१८ मध्ये, इथे हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद राहिला. दोनशे वर्षांपूर्वीच्या बारा तासांनी सबंध राज्याचा एक दिवस थांबवला!

तरी माणसं येतात. दर १ जानेवारीला लाखोंनी येतात. आता आपली एसटीची रांग पुन्हा लावा. एक लाख माणसांना २,२७३ गाड्या, रांग २५ किलोमीटर: स्तंभापासून थेट येरवड्याच्या आसपास! दोन लाखांना ५० किलोमीटर. चार लाखांना शंभर. सहा लाख झाले की रांग दीडशे किलोमीटरची, मुंबई-पुण्याएवढी! उंचवट्यावरच्या ८३४ जणांना १९ गाड्या पुरल्या असत्या. सहा लाख म्हणजे त्यांतल्या एकेकामागे ७१९ माणसं, आणि त्यांतल्या एकालाही इथे यायचा हुकूम कोणी दिलेला नाही!