दोन मिनिटांचा कोरा चेहरा

खुर्चीत पट्टा बांधून बसवलेलं, वर्ष न भरलेलं एक बाळ आणि समोर त्याची आई. आई हसते की बाळ हसतं. आई ‘अगं बाई, हो का!’ म्हणते की बाळ ओठांचा चंबू करून हुंकार भरतं. मग आई क्षणभर मान वळवते. पुन्हा समोर पाहते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नसतं; हसू नाही, राग नाही, शब्द नाही.

बाळ थबकतं. मग गोड हसून बघतं. आई ढिम्म. ते हात पुढे करतं, सगळं अंग आईकडे झोकतं, किंचाळून बघतं. ठाऊक असलेल्या सगळ्या युक्त्या संपल्या की नजर फिरवतं आणि भोकाड पसरतं. एवढं सगळं जेमतेम दोन मिनिटांत घडतं! त्या वेळात त्याच्या हृदयाचे ठोकेही वाढतात. समोर बाबा असले, तरी बाळ असंच कासावीस होतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी हा प्रयोग १९७५ साली पहिल्यांदा मांडला. एक शब्दही न बोलणारं मूल आपल्या माणसाचा चेहरा किती बारकाईनं वाचतं, हे पाहून आजही थक्क व्हायला होतं.

पण मला खरं नवल वाटतं ते पुढचं. ट्रॉनिक यांनी रोजच्या साध्या खेळातले क्षण मोजले. मायेनं वाढणाऱ्या बाळांचेही आईशी सूर जुळलेले होते ते फक्त ३० टक्के वेळ! उरलेल्या वेळात बाळाला एक हवं असतं आणि आईला वाटतं दुसरंच. बाळ तोंड फिरवतं, आई अंदाज बदलते, गाडी पुन्हा रुळावर येते. हे सारखं चालू असतं. या चुकण्या-जुळण्यातूनच बाळ शिकतं, की बिघडलेलं पुन्हा नीट होतं आणि आपण हाक दिली की कुणीतरी वळतं. पुढच्या आयुष्यात दुःख पेलायला हाच भरवसा कामी येतो.

म्हणूनच कोरा चेहरा दोन मिनिटांऐवजी महिनोन् महिने तसाच राहिला, की काळजी वाटते. नैराश्यात बुडालेल्या आईला किंवा बाबांना इच्छा असूनही हसता येत नाही. त्यांना दोष देऊन काय साधणार? उपचार मात्र खूप काही साधतात. संशोधक मर्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या, नैराश्यावर औषध घेणाऱ्या आया आणि त्यांची ७ ते १७ वर्षांची मुलं पाहिली. ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधले मानसिक विकारही कमी झाले. औषध आईनं घेतलं, उतार लेकराला पडला!

संध्याकाळी बाबा फोनमध्ये डोकं घालून बसले, की दीड वर्षाची पोर मांडीवर चढते, दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरते आणि तोंड आपल्याकडे वळवून घेते. ते तोंड वळलं, डोळ्यांत हसू आलं, की तिचं काम झालं. ती उतरून खेळायला पळते.