परक्या नदीकाठचा तेरडा

कोकणात गौर म्हणून तेरड्याची रोपं मुळासकट उपटून घरात आणतात. त्याच कुळातली हिमालयातली एक वनस्पती इंग्लंडच्या नदीकाठांवर दर उन्हाळ्यात उपटली जाते, ती मात्र ढिगात टाकण्यासाठी. तिथे तिला हिमालयन बाल्सम म्हणतात. तिचं शास्त्रीय वर्णन केलं जॉन फोर्ब्स रॉयल यांनी. ते एके काळी सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. १८३९ मध्ये तिचं बी इंग्लंडात पोचलं ते बागेची शोभा वाढवण्यासाठी. तिथून ते ओढ्या-नद्यांना लागलं. तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच कशी फुटते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. या बाल्समची शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं, आणि एका झाडाला सुमारे ८०० बिया धरतात. पुरुषभर उंचीच्या या दाटीखाली स्थानिक गवत-झुडपं गुदमरतात. थंडीत ती एकदम मरते आणि काठ उघडा पडतो, मग पुराबरोबर माती वाहून जाते.

परदेश सहलीच्या आठ-दहा दिवसांतला एक दिवस असं तण उपटायला द्यावा, असं माझं मत आहे. पुण्य जोडण्यासाठी नाही, तो देश नीट दिसावा म्हणून. इंग्लंडची हिरवी कुरणं आपल्याला निसर्गाची देणगी वाटतात. खरं तर ती शतकानुशतकं मेंढ्या चारून, कुंपणाची झाडं छाटून, चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती पुन्हा पुन्हा उभ्या करून राखलेली आहेत. बसच्या खिडकीतून यातलं काहीच कळत नाही. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांनी १८९५ मध्ये स्थापन केलेला नॅशनल ट्रस्ट आजही हजारो स्वयंसेवकांच्या हातांवर चालतो. त्यातही नवख्या पाहुण्याला बाल्समइतकं सोयीचं काम दुसरं नाही. मुळं उथळ असल्यामुळे खुरप्याचीही गरज पडत नाही. शेंगा धरण्याआधी, मे ते जुलैच्या सुमाराला, उगमाकडून सुरुवात करून प्रवाहाबरोबर खाली यायचं. नाहीतर वरून वाहत आलेलं बी साफ केलेल्या पट्ट्यात पुन्हा रुजतं. देठ सर्वांत खालच्या पेराच्याही खाली मोडायचा, कारण ओलीत पडलेलं पेर मुळं धरतं. इतकं कळलं की नदीकडे बघण्याची नजरच बदलते. उगम, वळण, पुराची रेघ या गोष्टी आपसूक लक्षात येऊ लागतात.

दुपारनंतरची भटकंती याच नजरेने करावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २,२५,००० किलोमीटर सार्वजनिक वाटा खासगी शेतांमधून जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही वहिवाटच. शेतकऱ्याने वाट नांगरली तर ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पाणंद रस्त्यांवरून तहसील कचेरीत वर्षानुवर्षं चालणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. मोकळ्या माळरानावर फिरण्याचा हक्क मात्र तिथेही लढूनच मिळवावा लागला. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातले कामगार तरुण बंदी मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. त्याच पठाराच्या परिसरात १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं.

सहलीत तण उपटण्याच्या या सूचनेवर पहिला आक्षेप कायद्याचा, आणि तो योग्यच आहे. अभ्यागत व्हिसावर ब्रिटनमध्ये स्वयंसेवा करता येते ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि एकूण ३० दिवसांपर्यंतच. राहण्या-जेवणाच्या बदल्यात शेतावर राबणं म्हणजे तिथल्या मजुराच्या पोटावर पाय देणं ठरू शकतं, ते टाळावंच. दुसरा आक्षेप आपल्याकडचा. भर पावसात दिवसभर वाकून भांगलण करणाऱ्या बाईचे कष्ट आणि हौसेने चार तास केलेली उपटणी यांची तुलना कशी करणार? करूच नये. तिला दुसऱ्या दिवशी न जाण्याची मुभा नसते. पण पाठ कशाने धरते हे ज्याला कळलं, तो तिच्या मजुरीवर घासाघीस करताना थांबेल, अशी मला आशा आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र तिसरा: परकी म्हणून एखादी वनस्पती उपटणं हा परक्यांविषयीचा आकसच नाही का? ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात हा प्रश्न येणं स्वाभाविक आहे. पण हिमालयात हीच वनस्पती मर्यादेत राहते, कारण तिला खाणारे कीटक आणि पोखरणाऱ्या बुरशी तिथे तिच्या सोबतीला असतात. इंग्लंडात ती एकटी गेली. म्हणूनच तिच्या मूळ प्रदेशातली एक तांबेरा बुरशी तपासून २०१४ मध्ये तिथे मुद्दाम सोडण्यात आली. अमेरिकेतून आलेल्या घाणेरीने आपल्या डोंगरउतारांवर स्थानिक झाडोरा असाच दाबून टाकला आहे, आणि ती काढताना आपण तिचं मूळ गाव विचारत नाही.

नवख्यांच्या बुटांना लागून बी पसरतं, ही तक्रारही खरी आहे. म्हणून जाणत्या माणसाच्या हाताखालीच काम करावं आणि निघण्यापूर्वी बूट घासून धुवावेत. जमिनीतलं बी दीड-दोन वर्षं जिवंत राहतं. त्यामुळे एकच काठ सलग दोन-तीन उन्हाळे साफ करावा लागतो, आणि पाहुण्याने मोकळ्या केलेल्या पट्ट्यात पुढच्या जूनमध्ये दुसरंच कुणीतरी वाकलेलं असतं.