वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

भंडारा जिल्ह्यातील बसस्थानकांच्या परिसरात आलूबोंडे, भजी व समोसे तळणाऱ्या टपऱ्यांवर कढईतील तेल काळसर झाले तरी सहसा फेकले जात नाही. त्यातच नवे तेल ओतून दुसऱ्या दिवशीचा घाणा काढला जातो. वारंवार तापविलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढतात. त्यांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाद्यासाठी वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याच वर्षी असे तेल बायोडिझेलकडे वळविणारा ‘रुको’ उपक्रम सुरू केला. मात्र तेलाच्या नोंदी ठेवण्याचे बंधन दररोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांपुरते घालण्यात आले. तालुक्याच्या गावातील टपरी त्यात बसत नाही. म्हणूनच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अल्प प्रमाणावर करता येणारी ही प्रक्रिया समजून घेणे अगत्याचे ठरते.

तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. उत्प्रेरकाच्या साहाय्याने मेथेनॉल ग्लिसरॉलची जागा घेते व मेथिल एस्टर तयार होतात. हेच बायोडिझेल होय. कृती सोपी, परंतु कच्चा माल अवघड. तळण्यामुळे निर्माण झालेली मुक्त मेदाम्ले सोडियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून साबण बनवितात आणि ग्लिसरॉल नीट वेगळे होत नाही. त्यामुळे प्रत्येक डब्यातील तेलाचे अनुमापन अपरिहार्य आहे. १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून, फिनॉल्फ्थॅलिन दर्शक वापरून, ०.१ टक्का सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने अनुमापन करतात. ताज्या तेलास लिटरमागे सुमारे ३.५ ग्रॅम उत्प्रेरक लागतो. अनुमापनात खर्ची पडलेल्या प्रत्येक मिलिलिटरसाठी त्यात १ ग्रॅमची भर घालावी लागते.

गाळलेले तेल १०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून निर्जल करतात व ५५ अंशांपर्यंत निवू देतात. लिटरमागे २०० मिलिलिटर मेथेनॉलमध्ये विरघळविलेला उत्प्रेरक त्यात मिसळून तासभर ढवळतात. रात्रभरात गडद ग्लिसरॉल तळाशी बसते. वरचा थर पाण्याने धुऊन कोरडा करतात. मेथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, त्याची वाफ सहज पेट घेते आणि थोडे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. ‘घरगुती’ हा शब्द प्रचलित असला तरी ही कृती स्वयंपाकघरात करण्याची नव्हे.

तेल कोणते, हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा आहे. टपऱ्यांवर पामतेल स्वस्त म्हणून चालते. त्याचे बायोडिझेल १५ अंशांच्या आसपास गढूळ होऊन गोठू लागते, आणि येथील हिवाळ्यातील रात्री त्याहून थंड असतात. दुसरीकडे, धानाच्या बांधीत लाखोळीबरोबर उतेरा पद्धतीने जवस घेण्याची येथील जुनी रीत. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. युरोपीय मानकानुसार बायोडिझेलमध्ये ते १२ टक्क्यांहून अधिक चालत नाही. असे इंधन हवेच्या संपर्काने चिकट होऊन इंजेक्टर तुंबविते. घराघरांतून तेल गोळा करताना जवसाचा डबा वेगळा ठेवावा, आणि थंडीत पामतेलाचे बायोडिझेल डिझेलमध्ये थोड्या प्रमाणातच मिसळून पंपाच्या इंजिनात वापरावे.