संगणकातले पाणी किती तापलेले चालते?

उन्हाळा सुरू झाला की डेस्कटॉप संगणकात ‘लिक्विड कूलिंग’ बसवून घेतलेल्यांना एक चिंता हमखास भेडसावते. डिसेंबरमध्ये ३५ अंश सेल्सिअसवर असणारे कूलंटचे, म्हणजे शीतक द्रवाचे तापमान मे महिन्यात ४८ अंशांवर गेलेले पडद्यावर दिसते. यंत्रणा बिघडली की काय, पाणी गळून महागडे ग्राफिक्स कार्ड जळेल की काय, अशी शंका मनात येते. व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय अॅनिमेशनसाठी ज्यांचा संगणक रात्र-रात्र चालतो, त्यांच्या दृष्टीने हा रोजीरोटीचा प्रश्न असतो.

या गोंधळाचे मूळ दोन वेगळ्या तापमानांची गल्लत करण्यात आहे. एक तापमान प्रोसेसरचे आणि दुसरे त्याची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचे. आधुनिक प्रोसेसर बरीच उष्णता सहन करतात. एएमडीने २०२२ मध्ये आणलेले रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत चालतील, अशाच बेताने घडवलेले आहेत. इंटेलच्या अनेक प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे. द्रवाला मात्र ही मोकळीक नाही.

उष्णतेचा प्रवास

प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून द्रव उष्णता उचलतो, पंप तो द्रव नळ्यांतून रेडिएटरकडे ढकलतो आणि तेथील पंखे ती उष्णता हवेत सोडतात. एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे ४,१८० ज्यूल ऊर्जा लागते. त्यामुळे ३०० वॉट उष्णता मिळत असेल आणि रेडिएटरचे पंखे बंद असतील, तर लिटरभर पाणी साधारण १४ सेकंदांत एका अंशाने तापते. पंखे सुरू असताना ही वाढ हळूहळू मंदावते आणि अर्ध्या-पाऊण तासाने तापमान स्थिरावते. म्हणूनच काम सुरू केल्यावर पाच मिनिटांनी पाहिलेला आकडा फसवा असतो.

तापमान कोठे स्थिरावेल, हे खोलीतील हवेवर ठरते. द्रव हवेपेक्षा जितका अधिक गरम, तितकी अधिक उष्णता रेडिएटर बाहेर टाकतो. एखाद्या संगणकात पूर्ण भाराखाली हा फरक १२ अंशांचा असेल, तर २५ अंशांच्या खोलीत द्रव ३७ अंशांवर राहील आणि विदर्भातील उन्हाळ्यात ३८ अंशांच्या खोलीत ५० अंशांवर जाईल. दोन्ही वेळी यंत्रणा तितकेच काम करीत असते.

मर्यादा साठ अंशांची

साधारणतः ४५ अंशांपर्यंत निर्धास्त राहावे. ४५ ते ५० अंशांदरम्यान उन्हाळ्यात चालते, पण लक्ष ठेवावे. ५० च्या पुढे भार कमी करणे किंवा खोली गार करणे इष्ट. ६० अंश ही मर्यादा ओलांडू नये. अनेक पंपांच्या व कूलरच्या उत्पादकांनी हीच कमाल मर्यादा दिलेली असते. ती ठरते पंप, नळ्या आणि सांधे यांच्यामुळे. पंपाची भ्रमणपट्टी त्याच द्रवात फिरते, त्यामुळे तापलेल्या द्रवाने तिचे आयुष्य घटते. पारदर्शक पीईटीजी प्लास्टिकच्या नळ्या साठ अंशांच्या आसपास आपला ताठरपणा गमावू लागतात आणि सांध्यातून गळती होण्याचा धोका वाढतो. रबरी नळ्यांतून द्रवाची वाफ अतिशय सावकाश झिरपत असते. उष्णतेने तो वेग वाढतो.

गरम पाणी प्रोसेसरला मुळातच अपायकारक असते असे नाही. आयबीएमने झुरिचच्या ईटीएच या तंत्रशिक्षण संस्थेत २०१० मध्ये ‘अॅक्वासार’ हा महासंगणक उभारला. त्याच्या शीतनासाठी सुमारे ६० अंशांचे पाणी वापरले गेले, तरीही प्रोसेसर ८५ अंशांच्या मर्यादेआत राहिले. उरलेल्या उष्णतेने संस्थेच्या इमारती उबदार ठेवण्यात आल्या. मात्र ती यंत्रणा मुळातच तितक्या गरम पाण्यासाठी घडवलेली होती. घरगुती कूलरकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

अति थंड पाणीही अपायकारकच. साध्या रेडिएटरने द्रव खोलीच्या तापमानाखाली जात नाही. पण चिलर जोडल्यास जातो. पावसाळ्यात मुंबईत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. अशा हवेत २० अंशांचा द्रव खेळवला, तर नळ्यांना बाहेरून घाम फुटून मदरबोर्डवर पाणी ठिबकू शकते.

दोष कोठे आहे?

दोन्ही तापमाने एकत्र पाहिल्यास निदान सोपे होते. प्रोसेसर ९५ अंशांवर आणि द्रव जेमतेम ३२ अंशांवर असेल, तर उष्णता द्रवापर्यंत पोहोचतच नाही. पंप बंद पडला असेल, ठोकळा नीट बसला नसेल किंवा थर्मल पेस्ट सुकली असेल. प्रोसेसर आणि द्रव दोन्ही तापले असतील, तर रेडिएटरमध्ये धूळ, मंदावलेले पंखे किंवा कोंदटलेली कॅबिनेट यांकडे पाहावे. कारखान्यातून मोहोरबंद येणाऱ्या कूलरमध्ये नळाचे पाणी भरण्याचा उद्योग करू नये. अनेक कूलरमध्ये ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा असतो. गंजरोधक द्रव्य नसलेल्या पाण्याने त्यांत गंज चढतो.

संगणक नवा असताना एकदा पूर्ण भार देऊन तासाभराने खोलीचे आणि द्रवाचे तापमान नोंदवून ठेवावे. पंख्यांचा वेग त्या वेळी किती होता, तेही लिहावे. पुढे त्याच भाराखाली व त्याच वेगावर पुन्हा मोजावे. ३५ अंशांच्या खोलीत ४७ अंश आणि २५ अंशांच्या खोलीत ४७ अंश, हे दोन्ही आकडे पडद्यावर सारखेच दिसतात. पहिल्यात ऋतूचा दोष आहे, तर दुसऱ्यात फरक १२ वरून २२ अंशांवर गेल्याने रेडिएटर साफ करण्याची वेळ झालेली आहे.