डॉक्टरकीसाठी परदेशी: खर्च आणि सुरक्षितता एकाच पानावर मांडू या



नीटचा निकाल लागला की आमच्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. सरकारी कॉलेजात नंबर लागलेला नसतो, खासगी कॉलेजची फी झेपण्यासारखी नसते. तेवढ्यात कुणीतरी एजंट दारात येतो. "ताई, किर्गिझस्तानला पाठवा. तिथं राहणं-खाणं स्वस्त आहे. सहा वर्षांत पोरगं डॉक्टर होऊन येईल." मग आई विचारते, गटातून काही कर्ज मिळेल का? सोनं ठेवू का? आणि सगळ्यात शेवटी, जरा दबक्या आवाजात विचारते, तिथं लेकरू सुखरूप राहील ना?

आम्ही गटांच्या समन्वयक. जा किंवा जाऊ नका, हे सांगायचं काम आमचं नाही. पण खर्च आणि सुरक्षितता हे दोन प्रश्न एकाच पानावर मांडले तर निर्णय सोपा जातो. म्हणून वहीचं एक कोरं पान घ्या आणि मधोमध रेघ ओढा. डावीकडे खर्च, उजवीकडे सुरक्षितता.

किर्गिझस्तान हा मध्य आशियातला डोंगराळ देश. 1991 मध्ये सोव्हिएत संघातून वेगळा झाला. राजधानी बिश्केक. श्रीमंत देश नव्हे. आपल्यासारखाच, बाहेरगावी कमवायला गेलेल्या माणसांच्या पैशावर तिथली कितीतरी घरं चालतात. आपल्या देशाची 15,000 हून जास्त मुलं तिथं शिकत होती, अशा 2024 च्या बातम्या आहेत. त्यांचं चलन सोम. एक सोम म्हणजे आपला जवळपास एक रुपया, त्यामुळे हिशेब करायला सोपं वाटतं. बाजारात भाकरीसारखी तंदूरची रोटी, बटाटे, कांदे, सफरचंदं परवडतात. इथवर एजंट खरं बोलतो.

आता पुढचं बघू. कॉलेजची फी सोममध्ये नसते, बहुधा डॉलरमध्ये असते. समजा वर्षाची फी 4,000 डॉलर आहे. 2018 मध्ये डॉलर साधारण 68 रुपयांना होता, म्हणजे 2,72,000 रुपये झाले. 2024 मध्ये तोच डॉलर 84 च्या घरात गेला, म्हणजे 3,36,000. कॉलेजनं एक पैसा वाढवला नाही, तरी आपल्याला वर्षाला 64,000 रुपये जास्त मोजावे लागले. म्हणून पहिल्या वर्षाच्या फीला सहानं गुणून थांबू नका. दरवर्षी थोडी वाढ धरूनच बेरीज करा.

डाव्या बाजूला आणखी काय येतं? वसतिगृह आणि मेस. तिथलं रोजचं जेवण मांसाहारी असतं. शाकाहारी मुलाला भारतीय मेस लागते, आणि तूरडाळ, मसाले तिथं बाहेरून येतात. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो. आपल्याकडचा स्वेटर तिथं पुरत नाही. जाड कोट, बूट, थर्मल घ्यावे लागतात. थंडीत कोळसा जाळल्यामुळे बिश्केकची हवा धुरकट होते, त्यामुळे दम्याचा त्रास असलेल्या मुलाचा वेगळा विचार करा. व्हिसा, राहण्याची नोंदणी, आरोग्य विमा, येण्या-जाण्याचं तिकीट हे सगळं वेगळं लिहा. एजंटच्या कागदावर "इतर" असा एक शब्द असतो. तो फोडून मागा.

आता रेघेच्या उजवीकडे जाऊ.

2024 च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये काही स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थी यांची मारामारी झाली. परदेशी मुलं इजिप्तची होती, असं बातम्यांत आलं. त्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला आणि 17 मेच्या रात्री जमाव रस्त्यावर उतरला. परदेशी मुलांच्या वसतिगृहांवर हल्ले झाले. मार खाणाऱ्यांत त्या भांडणाशी काडीचा संबंध नसलेली मुलं होती, त्यात पाकिस्तानची मुलंही होती. आपल्या दूतावासानं भारतीय मुलांना बाहेर पडू नका असं सांगितलं आणि चोवीस तासांचा फोन नंबर दिला.

यातून तिथले लोक वाईट, असा अर्थ काढू नका. हजारो मुलं तिथं वर्षानुवर्षं शांतपणे शिकली आहेत. परक्या माणसाची सुरक्षितता कशी असते, ते मात्र यातून कळतं. आपल्या गावात ऊसतोडीची टोळी उतरते. गावात चोरी झाली की पहिला संशय कुणावर येतो? टोळीवर. त्यांनी काही केलेलं नसलं तरी. त्यांची बाजू घेणारा भाऊबंद गावात नसतो. आपलं लेकरू परदेशात त्या टोळीच्या जागी असतं. एरवी कुणी त्रास देत नाही, पण वातावरण तापलं की जमाव पासपोर्ट बघायला थांबत नाही. युक्रेनमध्येही मुलं नीट शिकत होती. 2022 च्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं आणि सरकारला ऑपरेशन गंगा राबवून त्यांना शेजारच्या देशांतून आणावं लागलं. मुलं घरी आली, पण शिक्षण अर्धवट लटकलं.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत मुलगी म्हटलं की सुरक्षिततेचा प्रश्न निघतो आणि मुलगा म्हटलं की निघतच नाही. बिश्केकमधली सुरुवात तरुणांच्या मारामारीतून झाली होती. रात्री-अपरात्री फिरणं, वादात पडणं हा धोका मुलाच्या वाट्याला जास्त येतो. पान दोघांसाठीही सारखंच भरा. मुलीला नाही म्हणायला सुरक्षितता आणि मुलाला हो म्हणायला स्वस्ताई, असा दुहेरी तराजू नको.

आता दोन्ही बाजू जोडून बघा. स्वस्ताईचा बराचसा भाग सुरक्षितता कमी करून आलेला असतो. कॉलेजपासून लांबची खोली स्वस्त पडते, पण अंधारात बर्फावरून चालत यावं लागतं. तिथल्या वडापला मार्शरुत्का म्हणतात. ती स्वस्त, पण उशिरा परतताना ॲपवरून बोलावलेली टॅक्सी बरी, कारण गाडीचा नंबर घरी पाठवता येतो. राखणदार असलेलं वसतिगृह महाग पडतं, तरी पहिल्या वर्षी तेच घ्यावं. तिथं किर्गिझ आणि रशियन बोलतात, दुकानाच्या पाट्याही त्याच लिपीत असतात. जायच्या आधी तीन महिने भाषेची शिकवणी लावली तर तो खर्च सुरक्षिततेचाच समजा. ज्याला चार वाक्यं बोलता येतात, त्याला शेजारी मिळतो. पुढं दवाखान्यात रुग्णाशीही त्याच भाषेत बोलायचं असतं.

म्हणून डाव्या बाजूला एक ओळ ठळक लिहा, अडीअडचणीची रक्कम. ऐन वेळचं परतीचं तिकीट आणि दोन महिन्यांचा खर्च, एवढे पैसे कुणी हात लावणार नाही अशा खात्यात हवेत. ही रक्कम बाजूला काढून फी भरता येत नसेल, तर ते शिक्षण आपल्याला परवडत नाही असं समजा.

आता परत आल्यानंतरचं. नीट पात्र झाल्याशिवाय परदेशात शिकून इथं डॉक्टरकी करता येत नाही. "नीटची गरज नाही" म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे तिथला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा. त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याची पात्रता हवी. मग भारतातली परीक्षा, आणि ती पास झाल्यावर इथं पुन्हा 12 महिन्यांची इंटर्नशिप. हे सगळं प्रवेशापासून 10 वर्षांत पुरं व्हायला लागतं. ही परीक्षा 300 गुणांची असते, पास व्हायला 150 लागतात. अलीकडच्या बहुतेक परीक्षांत बसलेल्यांपैकी तिसरा हिस्साही पास झालेला नाही.

आता कर्जाकडे बघा. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. व्याज त्याआधीच चढत असतं. म्हणजे मूल घरी बसून परीक्षेची तयारी करतंय, कमाई शून्य, आणि हप्ता सुरू. हा काळ कोण सांभाळणार, ते आजच ठरवा. मायक्रोफायनान्सचा हप्ता तर पुढच्याच महिन्यात दारात येतो. सात-आठ वर्षांनी पिकणाऱ्या झाडासाठी ते कर्ज चालत नाही. गटातलं कर्ज तर दहा-बारा बायांची बचत असते. ते पासपोर्टला, भाषेच्या शिकवणीला, गरम कपड्यांना घ्या. पूर्ण फीसाठी मागू नका आणि आम्हीही तसा ठराव सुचवणार नाही.

त्याआधी इथलं दार वाजवून झालं का, तेही बघा. 2024-25 पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, शासनाच्या केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्काची माफी आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा.

आणि जायचंच ठरलं, तर एवढं करा. एजंटला टोकन देण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या: किती महिने, कोणती भाषा, इंटर्नशिप कुठं. त्याच कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलांशी तुम्ही स्वतः बोला, एजंटनं जोडून दिलेल्या नव्हे. पासपोर्ट मुलाच्याच ताब्यात राहील, हे ठणकावून सांगा. पोचल्या आठवड्यात भारतीय दूतावासात आणि परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर नाव नोंदवायला लावा. तिथं पोलिसांसाठी 102 आणि रुग्णवाहिकेसाठी 103 नंबर आहे. हे नंबर, दूतावासाचा फोन आणि वसतिगृहाचा पत्ता मुलाच्या खिशात आणि तुमच्या देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर, दोन्हीकडे लिहिलेले असू द्या.

पान भरून झालं की पुढच्या बैठकीला घेऊन या. आपण सगळ्या मिळून बेरीज तपासू. कर्जाच्या कागदावर सही तुमची असते, तेव्हा प्रश्न विचारायचा पहिला हक्कही तुमचाच.