तहहयात पदाची वाट : न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली

अमेरिकेत न्यायालयांच्या दोन उतरंडी शेजारी शेजारी चालतात. एक प्रत्येक राज्याची स्वतःची, दुसरी संघराज्याची, म्हणजे फेडरल. राज्यांच्या न्यायालयांत कित्येक ठिकाणी न्यायाधीश चक्क निवडणूक लढवून येतात. फेडरल न्यायाधीशाचे नाव मात्र राष्ट्राध्यक्ष सुचवतो आणि सिनेट त्याला मंजुरी देते. तळाशी ९४ जिल्हा न्यायालये, त्यांच्यावर १३ अपील न्यायालये आणि सर्वांत वर सर्वोच्च न्यायालय अशी ही रचना आहे.

एकदा नेमणूक झाली की पद तहहयात. भारतात उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बासष्टाव्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेच्या राज्यघटनेने अशी वयोमर्यादा घातलेली नाही. वर्तन चांगले असेपर्यंत पद कायम, पगारात कपात नाही आणि महाभियोगाखेरीज हकालपट्टी नाही. पुढे काहीच हातात राहत नसल्यामुळे राजकारण्यांची सगळी ओढाताण नेमणुकीच्या वेळीच होते. नाव आले की ते सिनेटच्या न्यायविषयक समितीकडे जाते. उमेदवार ज्या राज्यात बसणार, तिथल्या सिनेटरांचे मत निळ्या चिठ्ठीवर मागवण्याचा प्रघात आहे. मग सुनावणी, समितीचे मतदान आणि शेवटी सभागृहाचे मतदान. समितीच्या अध्यक्षाने फाइल दाबून ठेवली, तर हे सारे ठप्प होऊ शकते. कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्या बाबतीत नेमके तेच घडले.

मॉटली यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२१ रोजी कनेटिकट राज्यातील न्यू हेवन शहरात झाला. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले. वडील येल विद्यापीठातील विद्यार्थी-मंडळांकडे स्वयंपाकी होते. बारा भावंडांत हिचा क्रमांक नववा. वकील व्हायचे मनात पक्के होते, पण कॉलेजच्या फीला पैसे नव्हते. वस्तीतल्या समाजकेंद्राच्या एका सभेत तिने उभे राहून सांगितले की, केंद्राचा कारभार कृष्णवर्णीयांच्या हातात नाही, म्हणून कृष्णवर्णीय तिकडे फिरकत नाहीत. श्रोत्यांत क्लॅरेन्स ब्लेकस्ली हे गोरे व्यावसायिक बसले होते. ते केंद्र उभारण्यात त्यांचाच पैसा होता. राग मानायचे सोडून त्यांनी या मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलला. फिस्क विद्यापीठ, मग न्यूयॉर्क विद्यापीठ आणि १९४६ मध्ये कोलंबियाची कायद्याची पदवी, असे तिचे शिक्षण झाले.

पदवी हाती येण्याआधीच, १९४५ मध्ये, वकील थर्गुड मार्शल यांनी त्यांना ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कायदा विभागात घेतले. पुढची जवळपास वीस वर्षे हेच त्यांचे काम. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राउन’ खटल्यातील मूळ दावा १९५० मध्ये त्यांनीच लिहून काढला. दक्षिणेतल्या न्यायालयांत काळ्या बाईने वकिलीच्या टेबलाशी उभे राहणे हाच लोकांना तमाशा वाटे. प्रतिपक्षाच्या वकिलांना त्यांच्या नावाआधी ‘मिसेस’ लावणेही जड जाई. मुक्काम हॉटेलात नव्हे, तर तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत. मिसिसिपीत त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची जून १९६३ मध्ये स्वतःच्या घराच्या दारात गोळी घालून हत्या झाली.

जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून देणारा खटला सर्वांत गाजला. १९६१ च्या मे महिन्यात दावा दाखल झाला. जिल्हा न्यायाधीशांनी तो फेटाळला, अपील न्यायालयाने मेरेडिथ यांच्या बाजूने निकाल दिला, आणि मग त्याच अपील न्यायालयातील एका न्यायाधीशाने एकामागून एक स्थगिती द्यायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी सप्टेंबर १९६२ मध्ये हा खेळ थांबवला. सर्वोच्च न्यायालयात मॉटली यांनी एकूण दहा प्रकरणे चालवली आणि नऊ जिंकली. दहावे ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याविरुद्धचे होते. १९६५ मध्ये ते त्या हरल्या. १९८६ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात आपली भूमिका बदलली.

१९६४ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या आणि पुढच्याच वर्षी मॅनहॅटन विभागाच्या अध्यक्ष झाल्या. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या मनात त्यांना थेट अपील न्यायालयात बसवायचे होते. विरोध इतका झाला की ते एक पायरी खाली आले. २६ जानेवारी १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयासाठी मॉटली यांचे नाव सिनेटकडे गेले. समितीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलंड, मिसिसिपीचे सिनेटर आणि वर्णभेदाचे उघड समर्थक. ज्या बाईने त्यांच्या राज्याच्या विद्यापीठाचे दार उघडायला लावले, तिचेच नाव मंजुरीसाठी त्यांच्या टेबलावर! त्यांनी मॉटली एकेकाळी कम्युनिस्ट होत्या असा आरोप पुढे आणला आणि प्रकरण सात महिने रखडवले. आरोप टिकला नाही. ३० ऑगस्ट १९६६ रोजी सिनेटने मंजुरी दिली आणि मॉटली फेडरल न्यायासनावर बसणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

वकील आपला लढा निवडतो. जिल्हा न्यायाधीशापुढे चिठ्ठीने वाटून आलेली प्रकरणे येतात. या न्यायालयाच्या हद्दीत वॉल स्ट्रीट येते, त्यामुळे रोखे, कंपन्यांचे वाद, फसवणूक, अमली पदार्थ असेच काम फार. चळवळीतून आलेल्या न्यायाधीशाकडून चळवळीचेच निकाल येतील ही काहींची आशा आणि काहींची भीती, दोन्ही बऱ्याच अंशी फोल ठरल्या. मॉटली कायद्याची चौकट सांभाळून चालणाऱ्या निघाल्या.

तरीही पूर्वायुष्याचा प्रश्न आलाच. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बड्या वकिली पेढीविरुद्ध स्त्रियांना डावलल्याचा दावा त्यांच्यापुढे आला. न्यायाधीश स्वतः स्त्री, त्यातून भेदभावाविरुद्ध लढलेली, तेव्हा त्यांनी बाजूला व्हावे, अशी मागणी पेढीच्या वकिलांनी केली. मॉटली यांनी ती फेटाळली. त्यांचे म्हणणे साधे होते: प्रत्येक न्यायाधीशाला काही ना काही वंश, लिंग आणि पार्श्वभूमी असतेच, तेवढ्यावरून अपात्र ठरवायचे, तर या न्यायालयातला एकही न्यायाधीश हा खटला ऐकू शकणार नाही. पुरुषाचे पुरुष असणे तोवर कुणाला पूर्वग्रह वाटले नव्हते, हे वेगळे सांगायला नको. पक्षपाताचे आक्षेप आले की हा निकाल अमेरिकेत आजही पुढे केला जातो.

दुसरा गाजलेला निकाल १९७८ चा. आदल्या वर्षीच्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये पत्रकार मेलिसा लुड्‌के यांना खेळाडूंच्या लॉकर रूममध्ये जायला मज्जाव झाला होता. पुरुष बातमीदार मात्र आत जाऊन मुलाखती घेत. मॉटली यांनी बोट ठेवले ते मालकीवर. यांकी स्टेडियम शहराच्या मालकीचे, संघाने भाड्याने घेतलेले. म्हणजे समान संरक्षणाचे घटनात्मक बंधन तिथे लागू होते. खेळाडूंच्या खासगीपणासाठी पडदे लावता येतील, टॉवेल आहेतच, असे त्यांनी दाखवून दिले.

१९८२ मध्ये त्या या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. १९८६ च्या सप्टेंबरात वयाची पासष्टी पूर्ण झाली आणि दोनच आठवड्यांनी त्यांनी ‘सीनियर’ दर्जा घेतला. पासष्टी आणि पंधरा वर्षांची सेवा झाली की ही सवलत मिळते: न्यायाधीश पूर्ण पगारावर कमी काम करू शकतो, त्याची जागा रिकामी धरली जाते आणि तिच्यासाठी राष्ट्राध्यक्षाने नवे नाव पाठवायचे असते. मॉटली मात्र खटले चालवत राहिल्या. २८ सप्टेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्या पदावर होत्या.