बारावीला कमी मार्क, मध्ये दहा वर्षांचा गॅप. तरी एमबीबीएसला अर्ज करता येतो का? वय, मार्क, कागदपत्रे आणि खर्चाची सविस्तर माहिती

बारावी सायन्स झाली, मार्क जेमतेम पडले, घरची परिस्थिती नव्हती म्हणून शेती, मेडिकल दुकानात नोकरी किंवा लग्न यात आठ-दहा वर्षे निघून गेली. आता परिस्थिती जरा बरी आहे आणि डॉक्टर व्हायची इच्छा अजून मनात आहे. असे तरुण-तरुणी प्रत्येक तालुक्यात सापडतात. पण "आता वय गेलं", "बारावीला कमी टक्के असले की नंबर लागत नाही", "एवढा गॅप चालत नाही" असे ऐकून बहुतेक जण चौकशीच करत नाहीत. दुसरीकडे "पैसे द्या, सीट करून देतो" म्हणणारे एजंट अशाच लोकांना गाठतात. त्यामुळे नियम काय आहेत हे नीट समजून घेतलेले बरे.

वयाची अट आहे का?

कमाल वयाची अट आता नाही. पूर्वी खुल्या प्रवर्गासाठी 25 आणि राखीव प्रवर्गासाठी 30 वर्षांची मर्यादा घालण्यात आली होती. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. ऑक्टोबर 2021 च्या बैठकीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही मर्यादा काढण्याचा निर्णय घेतला आणि मार्च 2022 मध्ये तो कळवण्यात आला. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षे पूर्ण हवीत, एवढीच वयाची अट उरली आहे. नीट किती वेळा द्यायची यावरही बंधन नाही. ओडिशात एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने 2020 ची नीट पास होऊन वयाच्या 64 व्या वर्षी सरकारी कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश घेतला होता.

गॅप असला म्हणून अर्ज बाद होत नाही. मधल्या काळात काय केले याचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट, प्रवेशाच्या वेळी जोडावे लागते.

बारावीचे मार्क किती लागतात?

इथे सर्वात जास्त गैरसमज आहे. एमबीबीएसची गुणवत्ता यादी फक्त नीटच्या मार्कांवर लागते. बारावीला 90 टक्के असोत की 55, त्याने यादीत नंबर वर किंवा खाली जात नाही. बारावीचे मार्क फक्त दारातून आत जाण्यापुरते लागतात.

फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी या तीन विषयांची बेरीज बघितली जाते. खुल्या प्रवर्गाला 50 टक्के लागतात. एससी, एसटी आणि ओबीसीला 40 टक्के. ईडब्ल्यूएसला मार्कांत सूट नाही, त्यांनाही 50 टक्केच. इंग्रजीत पास असले की झाले.

उदाहरण घेऊ. एखाद्याला फिजिक्सला 38, केमिस्ट्रीला 41 आणि बायोलॉजीला 66 मार्क आहेत. बेरीज 145, म्हणजे 300 पैकी 48.33 टक्के. हा उमेदवार ओबीसी असेल तर त्याला 120 च लागतात, तो आरामात पात्र आहे. खुल्या प्रवर्गातला असेल तर 150 लागतात, म्हणजे पाच मार्कांनी तो बाहेर. नीटला कितीही मार्क पडले तरी त्याला प्रवेश मिळणार नाही. म्हणून क्लास लावण्याआधी जुने मार्कशीट काढून ही बेरीज करावी. मराठी, गणित, पर्यावरण यांचे मार्क त्यात धरू नयेत. एकूण टक्केवारी 60 दिसते आणि या तीन विषयांची 47 भरते, असे बऱ्याच जणांचे होते.

बेरीज कमी पडत असेल किंवा बायोलॉजी घेतलेच नसेल तर?

राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे, पण तिच्यात मोजक्याच संधी मिळतात आणि त्या पास झाल्यानंतर लगेचच्या परीक्षांना घ्याव्या लागतात. दहा वर्षांपूर्वी बारावी झालेल्यांना तिचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा पर्याय आहे. एनआयओएसची बारावी आता नीटसाठी चालते.

बारावीला बायोलॉजी सोडून गणित घेतलेल्यांसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये महत्त्वाचा बदल झाला. बारावी पास झाल्यावर मान्यताप्राप्त मंडळातून फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी यांपैकी राहिलेला विषय जादा विषय म्हणून पास केला तरी नीट देता येते. पूर्वी हे चालत नव्हते. बारावी आर्ट्स करून जीएनएम झालेल्या आणि आज ग्रामीण रुग्णालयात ड्युटी करणाऱ्या सिस्टरलाही या नियमामुळे रस्ता खुला झाला आहे. मात्र तिला तिन्ही सायन्स विषय शून्यापासून करावे लागतील. एक विषय राहिलेल्याचे काम वर्षभरात होऊ शकते, तिन्ही राहिले असतील तर वेळ जास्त धरावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्राच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून पास असणे लागते. त्यामुळे मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरताना केंद्र महाराष्ट्रातलेच घ्यावे. कामासाठी घरचे गुजरात किंवा कर्नाटकात असताना तिकडे दहावी झालेल्यांनी आपण राज्य कोट्यात बसतो का, हे सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत आधी बघावे.

पात्र होणे वेगळे, सीट मिळणे वेगळे

नीट 720 मार्कांची असते. 180 प्रश्न, तीन तास. बायोलॉजीचे 90 प्रश्न, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 45-45. बरोबर उत्तराला 4 मार्क, चुकीला 1 वजा. पेपर मराठीतही मिळतो, पण फॉर्म भरतानाच मराठी निवडावी लागते, नंतर बदलता येत नाही. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली. 2025 ला फी खुल्या प्रवर्गाला 1700, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला 1600, एससी-एसटी व दिव्यांगांना 1000 रुपये होती.

आता खरी अडचण. 2025 मध्ये देशभरात 22 लाखांवर मुलांनी परीक्षा दिली आणि 12 लाख 36 हजारांच्या आसपास पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा देशात सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा जणांपैकी साधारण एकालाच जागा, आणि त्यातली सरकारी जागा आणखी कमी जणांना. "मुलगा नीट पास झाला" म्हणून पेढे वाटले जातात, पण पास होण्याचा अर्थ यादीत नाव येऊ शकते एवढाच आहे. आधीच्या वर्षी आपल्या प्रवर्गाची सरकारी कॉलेजची शेवटची यादी किती मार्कांवर थांबली, हे सीईटी सेलच्या साइटवर बघता येते. ध्येय ठरवताना तोच आकडा समोर ठेवावा.

तयारी कुठून सुरू करायची?

दहा वर्षांपूर्वीची पुस्तके आणि नोट्स कपाटात असतील तर तिथेच राहू द्याव्यात. राज्य मंडळाची पुस्तके बदलली आणि नीटचा अभ्यासक्रमही 2023 च्या शेवटी नव्याने जाहीर झाला. अकरावी आणि बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो. एनसीईआरटीची पुस्तके मोबाइलवर फुकट मिळतात, जुने पेपरही मिळतात.

720 पैकी 360 मार्क एकट्या बायोलॉजीचे आहेत. गणित सुटून वर्षे झालेल्यांनी सुरुवात बायोलॉजीपासून केलेली बरी, कारण तिथे वाचन आणि पाठांतर कामी येते. पण फिजिक्स सोडून देऊन सरकारी सीट मिळत नाही. लॉग, त्रिकोणमिती, आलेख यासाठी पहिला महिना-दीड महिना वेगळा ठेवावा लागतो.

निगेटिव्ह मार्किंगचा हिशेबही समजून घ्यावा. 120 प्रश्न सोडवून 100 बरोबर आणि 20 चूक आले तर 400 वजा 20, म्हणजे 380. तेच सगळे 180 ठोकून दिले आणि 105 बरोबर, 75 चूक आले तर 420 वजा 75, म्हणजे 345. जास्त प्रश्न सोडवूनही 35 मार्क कमी.

मोफत कोचिंगच्या भरवशावर मात्र राहू नये. महाज्योतीची मोफत नीट तयारी योजना दहावी होऊन अकरावी सायन्सला जाणाऱ्या मुलांसाठी असते. मोठ्या उमेदवाराला क्लासचा खर्च स्वतःच धरावा लागतो किंवा घरीच अभ्यास करावा लागतो. क्लास लावण्याआधी दोन-तीन महिने घरी अभ्यास करून एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवावा. किती अंतर कापायचे आहे, हे त्यातून फुकटात कळते.

कागदपत्रे: इथेच जास्त लोक अडकतात

नुकत्याच बारावी झालेल्या मुलाची कागदपत्रे कॉलेज करून घेते. गॅप असलेल्याला सगळे स्वतः करावे लागते, म्हणून निकालाची वाट न बघता सुरुवात करावी.

• दहावी-बारावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला. हरवले असतील तर मार्कशीटची दुय्यम प्रत विभागीय मंडळाकडून मिळते.
• वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघते.
• जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेला सर्वात जास्त वेळ लागतो. ती सहसा बारावीत असताना कॉलेजमार्फत काढतात. त्या वेळी राहिली असेल तर जुन्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि जिल्हा जात पडताळणी समितीच्या कार्यालयात लगेच चौकशी करावी.
• ओबीसी आणि इतर लागू प्रवर्गांसाठी नॉन-क्रिमीलेअर. मुदत 31 मार्चपर्यंतची तपासावी. देशपातळीवरच्या 15 टक्के कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो.
• गॅपचे प्रतिज्ञापत्र आणि मेडिकल फिटनेस.

लग्न झालेल्या महिलांनी तीन गोष्टी बघाव्यात. मार्कशीटवर माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव असेल तर फॉर्म भरण्याआधी ते जुळवून घ्यावे किंवा विवाह प्रमाणपत्र, राजपत्र तयार ठेवावे. जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवरच निघतो. नॉन-क्रिमीलेअरलाही आई-वडिलांची स्थिती बघतात, नवऱ्याची कमाई नाही.

नीटचा निकाल लागल्यावर प्रवेशासाठी दोन वेगळ्या नोंदण्या असतात. सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के अखिल भारतीय जागा आणि सगळ्या एम्सच्या जागा (नागपूरचे एम्सही त्यात आले) एमसीसी भरते. राज्याच्या जागा सीईटी सेल भरते. नीट दिली म्हणून नाव आपोआप लागत नाही. मोबाइलवरचे मेसेज रोज बघितले नाहीत तर मार्क असूनही फेरी हातची जाते.

खर्च आणि घरचा हिशेब

सरकारी कॉलेजची वर्षाची फी लाख-सव्वा लाखाच्या पुढेमागे असते आणि प्रवर्गानुसार सवलत मिळते. खासगीत ती अनेक लाखांत जाते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्याला ती नाही. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते, पण सहकर्जदाराचे पीककर्ज थकलेले असेल तर बँक अडवते. ते आधी मिटवावे.

फीपेक्षा मोठा खर्च म्हणजे बुडालेली कमाई. एमबीबीएस साडेचार वर्षे, वर हॉस्पिटलमध्ये एक वर्ष इंटर्नशिप. थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते, त्यामुळे नोकरी करत शिकता येत नाही. सरकारी कॉलेजात शिकल्यास पुढे एक वर्ष बंधपत्राची सेवा असते. तिशीत तयारी सुरू करून दोन वर्षांनी प्रवेश मिळाला तर डॉक्टर होईपर्यंत सदतिशी-अडतिशी येते. पहिले वर्ष जास्तीत जास्त चार प्रयत्नांत आणि पूर्ण कोर्स नऊ वर्षांत संपवावा लागतो. पुस्तके आणि शिकवणे इंग्रजीत. पोरांची शाळा, आई-वडिलांचे दुखणे, शेताची राखण कोण बघणार, हे घरात बसून आधीच बोलून घ्यावे.

एजंटपासून सावध

व्यवस्थापन कोट्यातली सीटही नीटमध्ये पात्र झाल्याशिवाय आणि अधिकृत प्रक्रियेशिवाय मिळत नाही. "मार्क वाढवून देतो" म्हणणारा सरळ फसवतो आहे. 2024 च्या नीट प्रकरणाचा तपास लातूरपर्यंत आला होता, हे जिल्ह्याजिल्ह्यांत माहीत आहे. परदेशात एमबीबीएस करायलाही नीट पात्रता लागते. कोर्स किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, वर त्याच संस्थेत एक वर्ष इंटर्नशिप, आणि परत आल्यावर इथली परीक्षा पास व्हावी लागते. त्या परीक्षेत 300 पैकी 150 मार्क लागतात. जमीन विकायच्या आधी या अटी त्या कॉलेजला लागू पडतात का, हे कागदावर मागावे.

नंबर नाही लागला तर?

बीएएमएस, बीएचएमएस आणि फिजिओथेरपीलाही महाराष्ट्रात नीटचेच मार्क चालतात. बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी असते, बी.फार्मला एमएचटी-सीईटी. हे फॉर्म त्याच वर्षी भरून ठेवले तर वर्ष वाया जात नाही. आणि किती वर्षे प्रयत्न करायचा, एक की दोन, हे सुरुवातीलाच ठरवावे. परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नसली तरी घरच्या पैशाला असते.

सुरुवात या चार कामांनी करावी: तीन विषयांची बेरीज, जात वैधतेची चौकशी, घड्याळ लावून सोडवलेला एक जुना पेपर आणि घरच्यांशी बोलणे. पहिल्या तिन्हीला मिळून दोन-तीनशे रुपयांपेक्षा जास्त खर्च येत नाही.